कंडूनाथांचा गोड अंगारा

१९५९ सालच्या डिसेंबरात, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी साडेचार वाजता लालबागेत कलियुग संपलं.

खरं म्हणजे ते चारलाच संपायचं होतं. पण त्या दिवशी आमच्या चाळीच्या नळाला पाणी उशिरा आलं आणि हंडे भरून होईपर्यंत युग बदलायला बायकांनी साफ नकार दिला.

घोषणा भिवाने केली. मोर्चा असो, सत्यनारायण असो की मयत, चाळीचा भोंगा भिवाकडेच असायचा. तो तालमीच्या दारात उभा राहून ओरडला, "कलियुग समाप्त झालेलं आहे. भक्तांनी चपला ओळीत काढाव्यात. तूप आणलेल्यांची रांग वेगळी आहे."

तालमीत, मलखांबाला पाठ टेकून, श्री कंडूनाथ महाराज बसले होते. कंडू म्हणजे संस्कृतात खाज. महाराज फक्त खाज घालवत. ताप, खोकला, नवऱ्याची दारू यांसाठी दुसरे महाराज पाहावेत, असं ते स्वतःच नम्रपणे सांगत. पैशाला ते शिवत नसत. साजूक तूप मात्र पैसा नव्हे, अशी त्यांची शास्त्रशुद्ध भूमिका होती. दाढी छातीपर्यंत, कफनी भगवी आणि नखं अगदी स्वच्छ कापलेली. त्या नखांकडे आम्ही कुणी तेव्हा नीट पाहिलं नाही. खाजेच्या देवाला नखं कशाला हवीत, एवढंच मला वाटून गेलं.

दोनशे माणसं होती. अर्धी खाजवत होती आणि उरलेली त्यांच्याकडे बघून खाजवू लागली होती. तेवढ्यात भिवाने गुणाजीला पुढे आणलं.

गुणाजी आमच्या शेजारच्या खोलीतला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला, वय पंचावन्न, मूळचा मालवणकडचा. आवाज असा की त्याने जिन्यात शिंक दिली तर तिसऱ्या मजल्यावर पाळण्यातलं मूल उठायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात घोषणेचा पहिला अर्धा भाग तो द्यायचा आणि उरलेला अर्धा लालबाग-परळ द्यायचं. पण बारा वर्षं त्याला पाठीची खाज होती. पुरळ नाही, जखम नाही, नुसती खाज. मोर्चात त्याच्या हातातला फलक एकसारखा खाली-वर व्हायचा. पोलिसांना वाटायचं हा चिथावणी देतोय. खरं तर तो फलकाच्या काठीने पाठ खाजवत असायचा.

त्या गुरुवारी गुणाजी उघड्या अंगाने, दोन्ही हात वर करून दोनशे माणसांसमोर उभा राहिला. एक मिनिट झालं, पाच मिनिटं झाली. हात पाठीकडे गेला नाही.

"आठ दिवस झाले," तो म्हणाला. "खाज नाय."

सभेत असा श्वास सोडला गेला की तालमीतली उदबत्ती विझली.

आता, हाच गुणाजी सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांकडे गेला होता. डॉक्टर कमलाकांत धैर्यवान राहायचे गिरगावात आणि दवाखाना चालवायचे लालबाग नाक्यावर. आडनाव सोडलं तर धैर्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. गल्लीत कुत्रं बसलेलं असेल तर ते वळसा घालून येत. त्यांनी गुणाजीला तपासून गोळ्या दिल्या. गुणाजीने त्या टेबलावर परत ठेवल्या.

"डाक्टर, गोळी नको."

"का?"

"छप्पन साली एक कानाजवळनं गेली. तेव्हापासून ठरवलंय. गोळी छातीवर घेईन, घशाखाली नाय."

यावर वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. डॉक्टरांनी खोबरेल तेल लिहून दिलं. खाज तेलकट झाली, एवढाच फरक पडला.

कंडूनाथांचं मात्र तसं नव्हतं. ते गोळी देत नसत, अंगारा देत. छोट्या चौकोनी कागदात बांधलेली राखेची पुडी, कागदाची कड कडेत खोचलेली, अशी सुबक की उघडताना वाईट वाटावं. एक पुडी दिवेलागणीला, जिभेवर. तीर्थ वेगळं, बाटलीत. बाटलीवर कागदाची एक कातरलेली पट्टी चिकटवलेली, तिला तीन दातरे.

"हे काय महाराज?" भिवाने विचारलं होतं.

"त्रिगुण," महाराज म्हणाले. "सकाळी सत्त्वापर्यंत प्यायचं, दुपारी रजापर्यंत, रात्री तमापर्यंत."

आणि खाजेविषयी त्यांचं प्रवचन तर पाठ करण्यासारखं होतं. "बालकांनो, खाज त्वचेला नसते. आत्मा आतून दार खाजवत असतो. तुम्ही बाहेरून खाजवता. दोघे एकाच दाराला लागले तर दार उघडणार कसं? अंगारा जिभेवर ठेवा. आधी गोड लागेल, ते संचित. मग कडू लागेल, ते प्रारब्ध. मग जीभ बधिर होईल, तो मोक्ष."

आणि तसंच व्हायचं, अगदी त्याच क्रमाने. आमच्या राधाबाई तर संचित, प्रारब्ध, मोक्ष अशी बोटं मोजत पुडी घ्यायच्या आणि मोक्षानंतर थेट सकाळी सातला उठायच्या. आयुष्यात प्रथमच त्यांच्या घरी चहा सुनेने केला.

पहिला आठवडा चाळीने आनंदात काढला. दुसऱ्या आठवड्यात मोक्षाचे बारीकसारीक तपशील कळू लागले.

भक्तांची तोंडं सुकली. महाराज म्हणाले, वाणीचा अहंकार आटला. पोटं जागची हलेनात. महाराज म्हणाले, स्थैर्य आलं. भिवाला पेपरातली अक्षरं पुसट दिसू लागली. महाराज म्हणाले, संसार धूसर होऊ लागला, तुझी प्रगती चांगली आहे. ज्याचं काही बिघडलं नाही त्याला उगाच आपण पापी आहोत असं वाटू लागलं.

आणि येत्या रविवारी नरे पार्कवर सभा होती.

सोमवारी संध्याकाळी गॅलरीत घोषणांची तालीम झाली. आम्ही पंधरावीस जण होतो. गुणाजीने छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि "संयुक्त महाराष्ट्र" या शब्दांऐवजी कुणीतरी सुकलेल्या फळीवर चप्पल घासावी तसा आवाज आला. तो पाणी प्यायला. पुन्हा प्रयत्न केला. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

"झालाच पाहिजे," आम्ही तरीही म्हणालो. काय झालाच पाहिजे ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

गुणाजी खाली बसला. बारा वर्षं खाजेने त्याला रडवलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्याचे डोळे भरलेले पाहिले.

त्याची बायको मालन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "राख गोड कशी लागता?"

मालन मसाला गल्लीत मिरचीकांडपाच्या दुकानात कामाला होती. वीस वर्षं तिने मिरची, हळद, धणे हुंगून, चोळून, चाखून पाहिले होते. लाल तिखटात कुणी विटेची भुकटी घातली असेल तर ती तिने डोळे मिटूनही ओळखली असती.

"बाबाचा अंगारो हा," गुणाजी खरखरत म्हणाला. "गोड लागता ता संचित."

"संचित काय ऊस जाळून करतत?"

तिने पुडी उघडली. चिमूट अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळली. मग कोपऱ्यातली मसाल्याची बारीक चाळण काढली आणि पुडीतला अंगारा त्यात ओतून चाळला. राख खाली कागदावर पडली, मऊ, राखाडी. चाळणीत मात्र विटकरी रंगाचे बारीक कपचे राहिले, नखाच्या टोकाएवढे.

"वीट," मी म्हणालो.

"वीट पाण्यात तळाला बसता," मालन म्हणाली. "ह्यां बघूया." तिने पेलाभर पाण्यात ते कपचे टाकले. थोड्या वेळाने कपचे दिसेनासे झाले, पाणी गुलाबी झालं. तिने बोट बुडवून चाखलं. "साखर," ती म्हणाली. चाळून खाली पडलेली राखही तिने जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. "आणि ह्यां कडू. राख कडू नसता. ह्या राखेत काय तरी कुटून घातलंय. उखळात नाय, लहान खलात. कूट फार बारीक हा."

मंगळवारी सकाळी ही चर्चा अचानक महत्त्वाची झाली. गुणाजीची लघवी बंद पडली होती.

भिवा धावत महाराजांकडे गेला आणि निरोप घेऊन आला. "महाराज म्हणतात, अपान ऊर्ध्वगामी झालाय. फार थोड्यांना होतो. पुड्या दोन कर."

"माझो घोव फुटात आणि तू पुड्यो दोन कर म्हणतंस?" मालन म्हणाली. तिने एका हातात नवरा धरला, दुसऱ्या हातात उरलेल्या पुड्या, आणि नाका गाठला. मी मागून, गुणाजीला दुसऱ्या बाजूने आधार देत. त्याच्या कपाळावर घाम होता आणि पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं.

डॉक्टर धैर्यवानांनी पडदा ओढला. आत रबरी नळीचं काम चाललं. थोड्या वेळाने पडद्यामागून एक दीर्घ, तृप्त सुस्कारा आला.

"चमत्कार," गुणाजी म्हणाला.

"नळी," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी हात धुतले आणि विचारायला सुरुवात केली. "तोंड सुकतं?"

"शिळ्या भाकरीवानी."

"डोळ्यापुढे पुसट?"

"संसार धूसर होताहा."

"शौचाला?"

"स्थैर्य आलंय," गुणाजी खाली मान घालून म्हणाला.

डॉक्टर टेबलाच्या खणात शोधू लागले. जुन्या पावत्या, एक पेन्सिल, एक सुकलेलं लिंबू, आणि तळाशी एक लहान काचेची बाटली निघाली. बाटलीत सहा गोळ्या होत्या, विटकरी रंगाच्या, चकचकीत.

"हे उदासीवरचं नवं औषध आहे. कंपनीचा माणूस नमुना ठेवून गेला होता. लालबागेत उदास व्हायला कुणाला वेळ नाही, म्हणून पडून राहिलं." त्यांनी एक गोळी खलात फोडली आणि खल मालनपुढे केला. "बाई, जरा जिभेच्या टोकाला. गिळू नका."

मालनने चाखलं. तिच्या चेहऱ्यावर दुकानात माल पारखताना यायचा तो भाव आला. "आधी गोड. मग कडू. आता जीभ मेली." तिने थुंकून चूळ भरली. "एकाच पोत्यातलो माल."

"पण डॉक्टर," मी विचारलं, "उदासीचं औषध खाजेवर कसं चाललं?"

"पित्ताच्या गांधी उठतात ना, त्यावर जी औषधं देतो त्यांचं हे चुलतभावंड आहे. खाजेचा निरोप मेंदूकडे जातो तो ते मंद करत असावं. असावं म्हणतो हं. मला नक्की माहीत नाही." ते गुणाजीकडे वळले. "पण तुमच्या वयाला लघवीचा जोर आधीच कमी होतो. अशाला हे देताना दहा वेळा विचार करायला हवा. आणि तुम्ही किती घेतलंत तेही कुणाला ठाऊक नाही. पुडी आजपासून बंद. रविवारपर्यंत जीभ सुटेल."

"म्हणजे तीन वर्षं टाळून शेवटी मी गोळीच खाल्ली?" गुणाजीने विचारलं.

"रोज."

हा धक्का त्याला नळीपेक्षा जास्त लागला.

दोनच दिवसांनी, गुरुवारी, तालमीत तीनशे माणसं होती. डॉक्टरांनी येण्याचं कबूल केलं, पण तिथे पोचल्यावर ते मालनच्या मागे उभे राहिले, आणि मालन ठेंगणी असल्यामुळे थोडे वाकूनही उभे राहिले. खिशात त्यांनी लिहून आणलेलं भाषण होतं.

मालन थेट मलखांबापाशी गेली. "महाराज, तुमचो अंगारो चाळायचो आसा."

गर्दीत कुजबूज झाली. "देवाची परीक्षा बघतेस?" भिवा म्हणाला. भोंगा तोंडाला तसाच असल्यामुळे हे वाक्य रस्त्यापर्यंत गेलं.

"देवाची नाय, पिठाची. आमी हळद रोज चाळतो. त्याने हळदीचो अपमान होत नाय. हळदीत काय नसलां तर कसलो भय?"

महाराज हसले. "चाळ बाळे. सत्य चाळणीतून पडत नाही."

"ह्यां मात्र खरां," मालन म्हणाली आणि चाळू लागली. राख पडली. कपचे राहिले. तिने चाळण सगळ्यांना फिरवून दाखवली.

"भैरवाच्या भट्टीतले निखारे," महाराज शांतपणे म्हणाले.

मालनने निखारे पेल्यात टाकले. निखारे विरघळले. तिने पेला राधाबाईंपुढे धरला. राधाबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि विचार करून सांगितलं, "भैरवाकडे साखर बरी दिसते."

काही जण हसले, काही रागावले. माणसाला खाज गेल्याचं सुख सहजी सोडवत नाही. "पण गुण येतो त्याचं काय?" असं मागून दोघातिघांनी विचारलं आणि हवा पालटू लागली. मालनने डॉक्टरांना कोपराने ढोसलं. "बोला ओ."

डॉक्टर धैर्यवान पुढे झाले. तीनशे डोळ्यांच्या जोड्या त्यांच्यावर वळल्या आणि त्यांचं भाषण, प्रस्तावनेसकट, डोक्यातून निघून गेलं. हात खिशात अडकला. घाबरलेला माणूस रोज जे करतो तेच करतो. तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून ते रोज जे वाक्य आत फेकायचे तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"मिक्श्चर. तीन डोस. जेवणानंतर."

आणि मग मी माझ्या आयुष्यातला एकमेव खरा चमत्कार पाहिला. महाराजांनी वर न बघता शेजारची कात्री उचलली. कागदाची पट्टी घेतली, दोनदा दुमडली, कोपऱ्याला कचकच कातरून उलगडली, जिभेने ओली केली आणि हात पुढे केला.

"बाटली आणलीय का?"

तालमीतले खाजवणारे हात जिथल्या तिथे थांबले.

हे वाक्य कुठल्याच वेदात नाही. पण लालबागेतल्या पोराबाळांना ते पाठ आहे. दवाखान्याच्या काचेआडून, चष्म्यावरून बघत, बाटली न आणलेल्याला परत घरी पाठवणारा प्रत्येक कंपाउंडर ते म्हणतो. आणि औषधाच्या बाटलीवरचे, डोस मोजायचे ते दातरे, ज्यांना आम्ही दोन आठवडे त्रिगुण समजत होतो, ते आमच्या प्रत्येकाच्या घरी फडताळात होते. स्वच्छ कापलेल्या नखांचाही अर्थ आता लागला.

"अरे," भिवा भोंग्यातून हळूच म्हणाला, "हा तर कंपाउंडर."

महाराजांनी पट्टी खाली ठेवली. मग दाढीही काढून मांडीवर ठेवली, कारण ती त्यांना फार खाजत होती.

त्याचं नाव रमाकांत. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या गिरगावातल्या एका डॉक्टरांकडे तो नऊ वर्षं कंपाउंडर होता. तिथे एक गृहस्थ उदास म्हणून आले. दिवसभर स्वतःला ओरबाडत बसायचे. नव्या गोळ्यांनी महिनाभरात त्यांची उदासी होती तशीच राहिली, पण खाज गेली. डॉक्टरांनी उदासीची नोंद केली. खाजेची नोंद रमाकांतने मनात केली आणि नोकरी सोडताना कपाटातले गोळ्यांचे डबे सोबत नेले.

"मी खोटं काय केलं?" तो म्हणाला. "तुम्ही लोक गोळी घेत नाही, राख घेता. मी राखेतून गोळी दिली. खाज गेली की नाही, सांगा."

गर्दी गोंधळली, कारण खाज गेली होती. राधाबाई डॉक्टरांकडे बघू लागल्या.

यावेळी डॉक्टरांना भाषण लागलं नाही. "औषध खरं आहे," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण ऐकू येत होता. "म्हणूनच तुझा गुन्हा मोठा आहे. नुसती राख दिली असतीस तर कुणाचं काही बिघडलं नसतं. औषधाला नाव असतं, माप असतं, आणि अमक्याला देऊ नये असं एक वाक्य असतं. नाव लपवलंस म्हणून माप लपलं. माप लपलं म्हणून ते वाक्यही लपलं. त्या वाक्यात गुणाजी होता. आणि तो मरायला टेकला तेव्हा तू पुडी दुप्पट करायला सांगितलीस, कारण महाराजांना 'चुकलं' म्हणता येत नाही. कंपाउंडरला आलं असतं."

गुणाजी मागे भिंतीला टेकून ऐकत होता. चाळीतल्या दोघातिघांनी बाह्या सरसावल्या होत्या, त्यांना त्यानेच हात आडवा धरला.

"पण डाक्टर," राधाबाईंनी विचारलं, "आमची खाज परत आली तर?"

"या. तपासतो. कदाचित हेच औषध थोडं थोडं देता येईल, कदाचित दुसरं लागेल."

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही?"

"नाही."

लोकांची अगदी निराशा झाली. कलियुग पुन्हा सुरू झालं ते याच क्षणी. रमाकांतला पोलीस घेऊन गेले, आणि तूप ज्याचं त्याला परत मिळालं. आमचं जरा कमी भरलं, पण तो विषय वेगळा.

अशा गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगावं लागतं, म्हणून सांगतो. जो कुणी तुमची खाज घालवायला येईल त्याला तीन गोष्टी विचारा. यात काय आहे, किती घ्यायचं, आणि कुणी घ्यायचं नाही. तो चिडला तर उठा. तो 'मला माहीत नाही, बघून सांगतो' म्हणाला तर बसा, तो कामाचा माणूस आहे. चमत्काराला चाळणीचं भय वाटत असेल तर दोष चाळणीचा नव्हे. बुद्धी ही देवाने दिली असं मानत असाल तर ती वापरण्यात देवाचा अपमान नाही, आणि तसं मानत नसाल तर वापरायला परवानगी कुणाची हवी?

रविवारी नरे पार्कवर माणूस मावत नव्हता. गुणाजी मंचावर चढला. जीभ सुटली होती. अंगारा बंद होऊन पाच दिवस झाले होते, त्यामुळे इतरही काही गोष्टी परत आल्या होत्या. त्याने मायक्रोफोन धरला आणि छाती भरून घेतली.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र,"

"झालाच पाहिजे," हजारो माणसांनी उत्तर दिलं. झाडांवरचे कावळे उठले. खाली पहिल्या रांगेत मालनने पदराने डोळे पुसले. डॉक्टर धैर्यवान तिच्यामागे उभे राहून, थोडे वाकून, पण मूठ वर करून ओरडत होते.

गुणाजी मग मागे वळला. मायक्रोफोन तोंडाशीच आहे हे तो विसरला.

"भिवा, जरा पाठ खाजव रे."

"खाजवलीच पाहिजे," नरे पार्क गरजलं.

गुणाजीने मान किंचित तिरकी केली. "तिथे नाय. डावीकडे. जरा खाली."